नकळत टिपलेले चेहरे, फिल्मवर: ३५ मिमी की ८५ मिमी?

डिजिटलवरून जुन्या मॅन्युअल एसएलआरकडे (लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा) परतलं की ऑटोफोकस सुटतो. लेन्स निवडताना आधी हे धरा, बाकीचं नंतर.

३५ मिमीच्या रुंद लेन्सला फोकस आधीच लावून ठेवता येतो. ४०० आयएसओची फिल्म (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता), उघडी सावली (थेट ऊन नाही, पण वर आकाश मोकळं), एफ/८ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/२५० सेकंद, फोकस २.५ मीटरवर: साधारण १.७ ते ४.८ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. रिंग फिरवण्यात हसू निसटत नाही. मात्र दीड मीटरच्या आत शिरलात तर नाक फुगतं. मागचा पसाराही फ्रेममध्ये येणारच, म्हणून उभं राहायची जागा आधी हेरा.

८५ मिमीच्या, दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सला एफ/२ वर मागचं सारं विरघळतं, चेहरा देखणा येतो. पण दोन मीटरवर स्पष्ट पट्टा जेमतेम सहा-सात सेंटीमीटरचा. माणूस जरा पुढे झुकला की डोळ्यांऐवजी कान फोकसमध्ये. भर उन्हात शटर १/१००० पर्यंतच जाणाऱ्या कॅमेऱ्यावर ४०० ची फिल्म एफ/२ ला पाच स्टॉप (दर स्टॉपला प्रकाश दुप्पट) जास्त प्रकाश खाते. एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी करडी काच) हवाच (नाहीतर एफ/११, म्हणजे मागचं तितकं विरघळत नाही; मग ८५ कशाला?).

पहिले काही रोल ३५ वरच काढा. बसून कामात गढलेल्या माणसासाठी मात्र ८५ला तोड नाही.