खडेबाजारातले लाकडी साचे
बेळगावच्या खडेबाजारातून घेतलेले पोपट, पान आणि मासा या आकारांचे लाकडी साचे, चार-पाच वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन घरी खाऊ घडवण्यासाठी मला मनापासून आवडले. साच्याला तुपाचा हात लावून त्यात साखर घालून परतलेल्या खव्याचा कोमट गोळा दाबला, की पोपटाची चोचसुद्धा स्पष्ट उमटते. आपला कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली बेळगावची मिठाई, मात्र चवीला कितीही सरस असला तरी, दाणेदार आणि मऊ असल्याने असा आकार धरत नाही. गुलाबी रंगासाठी बिटाचा रस थेंबाथेंबानेच घालावा, नाहीतर गोळा सैल होतो. डोळ्यांसाठी तीळ उत्तम. अख्खे शेंगदाणे लहानग्यांच्या घशात अडकू शकतात. माशाचा साचा फार खोल असून त्यातून काढताना शेपटी हमखास तुटते, त्यामुळे तो न घेतलेलाच बरा.