सोसायटीचा डेटाबेस: आवृत्ती बदलायची, ऑपरेटिंग सिस्टिम की फाइलसिस्टम?

संध्याकाळी पिग्मीचे, म्हणजे रोजची बचत गोळा करणारे एजंट परत आले की सगळ्यांची मशीन एकदम जोडली जातात. निपाणी असो, संकेश्वर असो की खानापूर, त्याच अर्ध्या तासात सोसायटीचा सर्व्हर दमतो. मग सेक्रेटरी विचारतात, "नवा सर्व्हर घ्यायलाच लागतोय काय?" माझ्या अनुभवात बहुतेक वेळा लागत नाही. पण पैसे आणि वेळ कशावर घालवायचा, हे ठरवायला हवं. इथं पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस धरून लिहितोय.

सगळ्यात कमी कष्टात जास्त फायदा डेटाबेसची आवृत्ती बदलण्यात आहे. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. 12 चा आधार नोव्हेंबर 2024 मध्ये संपला, 13 चा नोव्हेंबर 2025 मध्ये. 13 पासून इंडेक्समध्ये, म्हणजे शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेल्या क्रमवार सूचीत, पुन्हा पुन्हा येणारी किंमत एकदाच साठवली जाते. शाखेचा कोड, खात्याचा प्रकार असल्या रकान्यांचे इंडेक्स त्यामुळे चांगलेच आक्रसतात आणि रॅममध्ये मावतात. मात्र 12 वरून पीजी_अपग्रेड या पोस्टग्रेसच्याच साधनाने वर गेलात, तर जुने इंडेक्स पुन्हा बांधल्याशिवाय हा फायदा मिळत नाही. 14 मध्ये एकाच वेळी बरीच कनेक्शन उघडी असतानाचा कारभार सुधारला. संध्याकाळच्या गर्दीचं दुखणं तेच असतं. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या 18 मध्ये डिस्कवरून वाचताना एकेका वाचनासाठी थांबून राहावं लागत नाही. 31 मार्चच्या व्याज आकारणीत सगळं टेबल चाळायचं असतं, तिथं याचा उपयोग होईल. एकेक पावती जमा करण्यात फरक दिसणार नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमची गोष्ट वेगळी. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस काढतं आणि विंडोजवर नवी प्रोसेस काढणं लिनक्सपेक्षा जड जातं. वर अँटिव्हायरस डेटाच्या फोल्डरमध्ये शिरला की आणखी मंद. म्हणून विंडोजवरून लिनक्सवर यायला माझा पूर्ण पाठिंबा आहे. फ्रीबीएसडी ही आणखी एक ऑपरेटिंग सिस्टिम उत्तम आहे, पण रात्री दहाला फोन केल्यावर धावून येणारा, त्यातला जाणकार बेळगावात कुठून आणणार?

लिनक्सवरून लिनक्सवर जाताना मात्र एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलोय. एका सोसायटीचा डेटा जुन्या लिनक्सवरच्या फोल्डरसकट उचलून नव्या लिनक्सवर ठेवला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर एक आजी पासबुक घेऊन उभ्या. पासबुकात खातं आहे, पडद्यावर नाही. पैसे कुठे गेले नव्हते, टेबलातल्या ओळी सगळ्या जागेवर होत्या. बदलला होता तो क्रम लावायचा नियम. लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीने, म्हणजे बाकीचे प्रोग्राम वापरतात त्या पायाभूत कोडने, 2018 मध्ये 2.28 आवृत्तीत अक्षरांचे क्रम बदलले. इंग्रजी लोकेलमध्ये, म्हणजे भाषेनुसार ठरणाऱ्या नियमांत, आधी "11" अगोदर आणि "1-1" नंतर यायचं, आता उलटं येतं. आमचे खातेक्रमांक मजकुराच्या रकान्यात, मधे आडवी रेघ असलेले. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने. सापडणार कसं? मजकुरावरचे सगळे इंडेक्स पुन्हा बांधल्यावर आजींचं खातं दिसलं. तेव्हापासून मी ऑपरेटिंग सिस्टिम ओलांडताना डंप, म्हणजे सगळ्या डेटाची निर्यात केलेली प्रत, काढून नव्या ठिकाणी भरतो. वेळ जातो, पण इंडेक्स आपोआप नव्याने बांधले जातात. आपल्याकडे सभासदांची नावं मराठीतही असतात, कानडीतही. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, तर युनिकोडने अक्षरांना दिलेल्या अंकांनुसार ल नंतर. सभासद यादी कोणत्या नियमाने लावायची, हेही याच वेळी ठरवून टाका.

फाइलसिस्टमवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीवर, लोक सर्वांत जास्त वाद घालतात आणि आपल्या आकाराच्या संस्थेला सर्वांत कमी फरक तिथंच पडतो. ईएक्सटी4 आणि एक्सएफएस, दोन्ही चांगल्या. एक्सएफएसचा विभाग नंतर लहान करता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. झेडएफएसमध्ये चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखणारी खूण) आणि स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) मिळतात, पण तिचा एका वेळी लिहायचा तुकडा, म्हणजे रेकॉर्ड, न बदलल्यास 128 केबीचा आणि पोस्टग्रेसचं पान 8 केबीचं. तसंच ठेवलंत तर एका पावतीसाठी अख्खा रेकॉर्ड पुन्हा लिहिला जातो. रेकॉर्डचा आकार उतरवून, तिच्या कॅशला रॅम राखून ठेवणारा माणूस असेल तरच घ्या. बीटीआरएफएस डेटाबेसखाली वेगात चालवायची तर तिची कॉपी-ऑन-राइट (जुन्यावर न लिहिता नव्या जागी लिहिण्याची रीत) बंद करतात, आणि त्याबरोबर चेकसमही जातो. मग ती घ्यायचीच कशाला?

यापेक्षा मोठा प्रश्न आहे तो डिस्क खरं बोलते का, हा. खानापूर भागात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते, हे तुम्हाला सांगायला नको. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी डिस्क सेकंदाला 120 फेरे घेते. एका कनेक्शनवरून तिच्यावर सेकंदाला हजारभर कमिट (पक्क्या झालेल्या नोंदी) दिसले, तर डेटा डिस्कच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीतच आहे, तबकडीवर उतरलेला नाही. वीज गेली की त्या पावत्या गेल्या. पोस्टग्रेससोबत येणारं पीजी_टेस्ट_एफसिंक हे चाचणीचं साधन चालवून हा आकडा आधी बघा. एसएसडी घेत असाल, तर वीज गेल्यावरही कॅश उतरवून ठेवणारे कपॅसिटर असलेलीच घ्या.

वेग मोजायला पोस्टग्रेसचं पीजीबेंच हे साधन पुरे. त्यात स्केल (चाचणीच्या डेटाचा आकार) 100 ठेवलं की मुख्य टेबलात 1 कोटी ओळी होतात, पण सगळं मिळून दीडेक जीबीच. 16 जीबी रॅमच्या सर्व्हरवर ते सगळं रॅममध्येच मावतं आणि डिस्कची परीक्षा होतच नाही. डेटा रॅमपेक्षा मोठा करा. चेकपॉइंट, म्हणजे रॅममधले बदल डिस्कवर उतरवण्याची वेळ, मुळात पाच मिनिटांनी येतो, म्हणून चाचणी निदान अर्धा तास चालवा. आणि शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसने स्वतःसाठी राखलेली रॅम) जुन्या-नव्या दोन्हीकडे सारखे ठेवा. नव्या सर्व्हरवर ते 128 एमबीवरच राहतात आणि नवी आवृत्ती उगाच बदनाम होते. मोजताना एका वेळी एकच गोष्ट बदला.

विंडोजवर असाल तर लिनक्स आणि नवी आवृत्ती दोन्ही डंपमधून एकदमच येतील, ईएक्सटी4 घ्या. आधीच लिनक्सवर असाल तर यंदा फक्त आवृत्ती बदला. काम दिवाळीनंतर काढा, म्हणजे मार्चअखेरीआधी तीन-चार महिन्यांच्या संध्याकाळच्या गर्दीत ते तावून सुलाखून निघेल.