तुळशीमागचं जांभळं फूल आणि आयनॅचरलिस्ट

सांगलीच्या आमच्या घरी तुळशीवृंदावनामागं गेल्या पावसाळ्यात एक रोप आपसूक उगवलं. मी लावलं नव्हतं, कुणी दिलंही नव्हतं. श्रावणात त्याला फिकट जांभळी, कर्ण्यासारखी फुलं आली आणि दिवाळीपर्यंत पायरीच्या फटीत, नळाजवळ, कढीपत्त्याच्या कुंडीत, जिथं बघावं तिथं तीच रोपं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, निळी कोरांटी ती." मला काही पटेना. कोरांटीच्या शेंगा अशा लांब नसतात.

आधी फोनवर एक दुसरं ॲप घेतलं होतं. त्यानं क्षणात 'मेक्सिकन पेटुनिया' म्हणून सांगितलं आणि पाठोपाठ वर्षाचे पैसे मागितले. नाव बरोबर की चूक, हे विचारायचं कुणाला? मग भाचीनं आयनॅचरलिस्ट हे ॲप घालून दिलं. 2008 साली अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून हे सुरू झालं. आता ना-नफा संस्था चालवते. पैसे लागत नाहीत.

इथंही फोटो टाकला की आधी यंत्र अंदाज बांधतं. पण मला हे आवडलं ते माणसांमुळं. आपली नोंद सगळ्यांना दिसते आणि झाडांची जाण असलेले लोक त्यावर मत देतात. तिसऱ्या दिवशी एकांनी लिहिलं, नुसत्या फुलावरून सांगता येणार नाही, पान, शेंग आणि जमलं तर मूळही दाखवा. मी कुंडीतलं एक रोप उपटलं, मुळं धुतली. बघते तर दोन्ही टोकांना निमुळती, मधे फुगलेली मुळं, शतावरीसारखी घोसानं! वीतभर रोपाखाली एवढा साठा. उन्हाळ्यात वरचं वाळून गेलं तरी पावसाबरोबर हे पुन्हा कसं उभं राहतं, ते हातात घेतल्यावर कळलं. पानंही रुंद निघाली, मेक्सिकन पेटुनियाची लांब आणि अरुंद असतात. मत देणाऱ्या दोघांचं जुळलं: रुएलिया ट्युबरोजा. मूळची उष्ण अमेरिकेतली, पण कूळ अबोली, कोरांटी, अडुळशाचंच. काकूंची नजर फार लांब गेली नव्हती, हे मी त्यांना मुद्दाम जाऊन सांगितलं.

शेंगेचं मात्र स्वतः बघाच. वाळलेली तपकिरी शेंग मी वाटीतल्या पाण्यात टाकली. थोडा वेळ काहीच नाही. मग 'टक्' असा आवाज, शेंग उभी चिरली आणि बिया वाटीबाहेर ओट्यावर उडाल्या. चपट्या, गोलसर बिया. ओल्या झाल्या की सब्जासारखा बुळबुळीत थर चढतो आणि त्या बोटाला चिकटून बसतात. पाऊस पडला की शेंग फुटते, बी उडतं आणि पडेल तिथल्या मातीला धरून राहतं. पायरीच्या फटीतलं कोडं असं सुटलं.

वापरणाऱ्यांसाठी थोडं सांगते. फोटो सकाळीच काढा, या झाडाची फुलं दुपारपर्यंत गळून जातात. नोंदीत 'लावलेलं' अशी एक खूण करता येते. बागेतलं म्हणून मी ती केली होती, पण आपसूक उगवून पसरलेलं झाड रानटीच धरतात, तिथं ती खूण नको. आणि घराचं नेमकं ठिकाण सगळ्यांना दिसू नये म्हणून ते धूसर करायची सोय आहे. ती पहिल्या नोंदीपासूनच वापरा.

कुणाला आपल्या अंगणातल्या पाहुण्याचं नाव हवं असेल तर मी हेच सुचवेन. घाई असेल तर नको, मत यायला दिवस जातात.

कुंपणाकडची चार झाडं मी ठेवलीत. बाकीच्यांच्या शेंगा हिरव्या असतानाच खुडते.