फोनमधलं बायबल कोकणातल्या घरात: यूव्हर्जन वापरताना

यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप 2008 पासून फोनवर आहे. ते फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. मराठीत बायबल सोसायटीचं ‘पवित्र शास्त्र’, मराठी समकालीन आवृत्ती आणि इंडियन रिवाइज्ड व्हर्जन अशी भाषांतरं त्यात मिळतात. वाचनासाठी हे अ‍ॅप उत्तमच आहे. पण वाचलेलं वचन बंदरावर, बागेत आणि भावकीत कसं पाळायचं, ही घडी ज्याची त्याने बसवावी लागते.

पहिलं काम, आवृत्ती फोनमध्ये उतरवून ठेवणं. जोराच्या पावसात वीज गेली की मागोमाग रेंजही जाते, आणि होडी किनारा सोडून बाहेर गेली की तीच गत. प्रकाशकाची परवानगी असलेल्याच आवृत्त्या डाउनलोड होतात, तेव्हा आवृत्तीच्या नावापुढे ती सोय आहे का ते आधी बघा. डाउनलोड झालं की फोन एअरप्लेन मोडवर टाकून मलाखी (जुन्या कराराचं शेवटचं पुस्तक) आणि प्रकटीकरण (नव्या कराराचं शेवटचं) उघडून पाहा. दोन्ही उघडले म्हणजे काम झालं. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत फोन याच मोडवर ठेवावा. नाहीतर स्तोत्र अर्ध्यावर असताना कुणाचा तरी कॉल येतो आणि मुलांचं लक्ष उडतं ते उडतंच. ऐकण्याची सोय मात्र बहुतेक वेळा नेटवर चालते, त्यामुळे चष्मा लावूनही अक्षर न दिसणाऱ्या आजीसाठी तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये.

कॅथलिक घरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर सांगितलेल्या तिन्ही आवृत्त्यांत 66 पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलमध्ये 73. मिस्साचं (चर्चमधल्या उपासनेचं) वाचन तोबीत किंवा बेनसिराच्या पुस्तकातलं असेल तर ते इथे सापडणार नाही. त्यासाठी छापील कॅथलिक प्रतच हवी. तसं छापील बायबल सगळ्यांच्याच घरी असावं. फक्त पावसाळ्यात त्याचा पातळ कागद सादळतो आणि पानं चिकटतात, म्हणून भिंतीला टेकलेल्या फडताळात ते कोंबू नये आणि ऊन पडलं की पानं मोकळी करावीत.

आता मुख्य मुद्दा. अ‍ॅप रोज एक वचन सुंदर चित्रावर देतं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे जातं. बहुतेकांचं वाचन तिथेच संपतं, आणि एकटं वचन फसवतंसुद्धा. फिलिप्पै 4:13 परीक्षेच्या किंवा धंद्याच्या यशासाठी पाठवतात, पण आधीच्या 11 आणि 12 या ओव्यांत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल टंचाईतही समाधानी राहायला शिकल्याचं सांगतो. यिर्मया 29:11 मधली आशा बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना दिलेली आहे, आणि आदल्याच ओवीत सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणून चित्र आलं की वचनावर टिचकी मारून अख्खा अध्याय उघडावा. याला पाच मिनिटं लागतात, आणि अ‍ॅपचा खरा फायदा याच पाच मिनिटांत आहे.

अध्याय वाचताना वचनावर बोट ठेवलं की खाली रंग येतात. दोनच वापरा: आज्ञेला पिवळा, अभिवचनाला हिरवा. सगळं पान रंगवलं की काहीच उठून दिसत नाही. मग पिवळ्यापैकी एकाच वचनाला टीप जोडा आणि तिच्यात तीन गोष्टी लिहा: काय करायचं, कुणाशी, कधीपर्यंत. “प्रामाणिक राहीन” ही टीप फुकट जाते, कारण ती पाळली की नाही हे दुसऱ्या दिवशी तपासता येत नाही. नीतिसूत्रे 11:1 खोट्या तराजूबद्दल आहे. हापूसच्या हंगामात त्याची टीप अशी होईल: पेटीच्या वरच्या आणि खालच्या थरात फळ एकाच मापाचं, आणि पिकवायला कार्बाइड नाही. मासळीवालीसाठी: काट्यावर पाटी ठेवून आधी शून्य, मग मासळी. ‘अनुवाद’ या पुस्तकात 24:14-15 मध्ये मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितली आहे, म्हणजे बागेतल्या गड्याला “शनिवारी बघू” म्हणायचं नाही.

टीप लिहिताना ती कुणाला दिसेल याची निवड असते. ‘खासगी’ हीच ठेवा. भावकीच्या जमिनीबद्दल लिहिलेलं मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, मित्रांच्या फोनवर गेलं तर समेटाऐवजी नवं भांडण उभं राहतं.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर लूक 12:13-15 तुलनेच्या सोयीने दोन भाषांतरांत शेजारी शेजारी वाचा. वाटणी करून द्या म्हणणाऱ्या माणसाला येशू लोभापासून सावध करतो. सामायिक सातबाऱ्यावर नावं असलेल्या कुटुंबाला हा उतारा झोंबतो, आणि झोंबावाच. पुढची पायरी मत्तय 18:15-17 मध्ये आहे: आधी एकट्याने भावाला भेटणं, मग एकदोघांना सोबत नेणं, आणि शेवटी मंडळी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी गावभर बोलणं होतं, मग पाळक किंवा फादर, आणि भाऊ सर्वांत शेवटी.

तयार वाचन-योजनांपैकी मराठीतल्या बऱ्याच भाषांतरित आहेत. उदाहरणं परकी वाटतात, भाषा अडखळते. सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं त्याचा आकडाही दिसतो; त्याच्या मागे लागलं की नुसतं उघडून बंद करण्याची सवय लागते. त्यापेक्षा स्वतःची योजना आखावी. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै, म्हणजे 61 दिवस. लूकचे 24 अध्याय, याकोबाचे 5, नीतिसूत्रांचे 31 आणि फिलेमोनाचा 1 मिळून बरोबर 61 होतात. याच क्रमाने रोज एक अध्याय. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचू नका; तारखेचाच अध्याय वाचा आणि चुकलेला रविवारी दुपारी भरून काढा. दोन-दोन वाचून गाठायला गेलं की आठवडाभरात योजना सुटते.

31 जुलैला फिलेमोन येतो, आणि त्या दिवशी तो यावा हे फार योग्य आहे. 18 आणि 19 व्या ओवीत पौल फिलेमोनाचा दास अनेसिम याचं देणं आपल्या नावावर मांडायला सांगतो आणि तसं स्वतःच्या हाताने लिहून देतो. जाळी होडीत चढण्याआधी त्या संध्याकाळी तांडेलाने (होडीच्या प्रमुखाने) आणि मालकाने खलाशांच्या उचलीची वही समोर घ्यावी, प्रत्येकाची बाकी त्याला वाचून दाखवावी आणि दोघांची सही करून घ्यावी.