७०% एसएलईएस सांगून २८% गळ्यात मारलं, सावध राहा

भांड्याचं लिक्विड, हँडवॉश घरी बनवून विकणाऱ्यांनी हे वाचाच, बचत गटाच्या बायकांनी तर नक्की.

एसएलईएस म्हणजे सोडियम लॉरिल इथर सल्फेट, फेस आणि सफाईसाठी लागणारा कच्चा माल; टक्केवारी म्हणजे त्यातला खरा साफ करणारा भाग. ७०% एसएलईएसचे ५० किलोचे ४ कॅन घेतले. ११८ रुपये किलोने २३,६०० रुपये, टेम्पोभाडं १,२०० वेगळं. पैसे आधीच पाठवले. माल निघाला २८ टक्क्यांचा, मीठ मारून घट्ट केलेला! २८% मालही बाजारात मिळतो, पण त्याच्या भावात.

पहिला कॅन उघडला तेव्हाच कळायला हवं होतं. ७०% पेस्टला धार लागत नाही, वाटीने खरवडून काढावी लागते. पाणी घातलं की आधी आणखी घट्ट होते, गाठी धरते, त्या विरघळता विरघळत नाहीत. आणि हा माल कॅन तिरका करताच बदाबदा बादलीत पडला, ढवळता ढवळता विरघळलासुद्धा. ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, "ताई, उन्हाने पातळ झालंय. नवीन ग्रेड आहे, लवकर विरघळतो." मे महिन्याचं ऊन, हातात शिक्का मारलेलं टेस्ट सर्टिफिकेट, त्यावर ७०.२%. कोण संशय घेईल?

नेहमीच्या मापाने मीठ घातलं आणि अख्खी बॅच पाणी झाली. मीठ एका हद्दीपर्यंतच घट्ट करतं, पुढे उलट पातळ करतं. इथे ते आधीच भरलेलं! दुकानदारांनी बाटल्या परत केल्या. लॅबला २,३६० रुपये भरले: ॲक्टिव्ह मॅटर, म्हणजे साफ करणारा भाग, २७.४%.

बिलावर टक्केवारी आणि बॅच नंबर लिहूनच घ्या. माझ्या बिलावर नुसतं "सोप बेस" आहे.

पोलीस म्हणतात, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. खोटं सर्टिफिकेट दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नसेल, तर न्याय संहितेतलं ३१८ कलम कशासाठी ठेवलंय? वजनमापवाले म्हणतात, वजन तर बरोबर भरतंय. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर ऐकवलं, धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकच नाही. अहो, स्वयंरोजगारावर पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यापारी हेतू'त धरायची नाही, असं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातच लिहिलंय! वाचून दाखवलं तर म्हणे वकील आणा. २७,१६० रुपये बुडालेल्या बाईने वकिलाची फी कुठून आणायची? गटाच्या कर्जाचा हप्ता तर कुणी थांबवत नाही.

टेम्पो दारात उभा असतानाच प्रत्येक कॅन उघडा, चमचाभर पेस्ट पाण्यात टाका. गाठ धरली नाही, तर माल उतरवू नका आणि पैसे सोडू नका.