इस्तंबूलमध्ये एकच मोकळा दिवस: जुनं शहर की पलीकडचा किनारा?

चार-पाच जणांचा कंपू, हातात एक अख्खा मोकळा दिवस आणि शहर इस्तंबूल. अशा वेळी खरी चुरस दोनच बेतांमध्ये असते. एक, सुलतानअहमतच्या जुन्या शहरात शिरायचं. दोन, एमिनोन्यूच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडून आशिया खंडातल्या कादिकोयला जायचं. नकाशा बघून कुणीतरी हमखास म्हणतं, "दोन्ही होईल की!" नकाशात रांगा दिसत नाहीत.

आधी वार बघा, निम्मा निर्णय तिथेच लागतो. तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद असतो आणि ग्रँड बाजार रविवारी. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला मशिदी पर्यटकांसाठी बराच वेळ बंद राहतात. यातला एखादा वार आला असेल तर जुन्या शहराचं पारडं तिथेच हलकं होतं.

बाकी दिवशी मात्र त्या भागाला तोड नाही. आया सोफिया इ. स. ५३७ मध्ये बांधून पूर्ण झाली. आधी चर्च, १४५३ नंतर मशीद, विसाव्या शतकात संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. समोर सहा मिनारांची निळी मशीद, जवळच जमिनीखाली ३३६ खांबांवर उभं असलेलं बायझंटाइन काळातलं पाण्याचं टाकं आणि थोडं पुढे तोपकापी. सगळं पायी फिरण्याच्या अंतरात.

अडचण इमारतींची नाही, कंपूची आहे. जानेवारी २०२४ पासून आया सोफियात परदेशी पर्यटकांना २५ युरोचं तिकीट आहे आणि त्यात फक्त वरचा सज्जा बघता येतो. खालचा भाग नमाजासाठी राखीव. बरीचशी प्रसिद्ध जुनी मोझेक चित्रं त्या सज्ज्यात असल्यामुळे इतिहासाची आवड असणाऱ्याला हे पैसे जड वाटणार नाहीत. पण पाचांतले दोघे "आम्ही बाहेर थांबतो" म्हणतात आणि आत गेलेल्यांना घाई करावी लागते. टाक्याला वेगळं तिकीट, तोपकापीला वेगळं, त्यामुळे प्रत्येक दाराशी तीच चर्चा पुन्हा. तोपकापी नीट बघायला तीन तास तरी हवेत. ज्याला प्रत्येक पाटी वाचायची असते आणि ज्याला फक्त फोटो हवा असतो, त्या दोघांना एका राजवाड्यात एकत्र नेणं म्हणजे दोघांचाही दिवस वाया.

कादिकोयच्या बेतात अशी दारं फारशी येतच नाहीत. इस्तंबूलकार्ट नावाचं प्रवासाचं कार्ड घेऊन त्यात पैसे भरले की ट्राम, मेट्रो, फेरीबोट सगळं त्यावर होतं. एकच कार्ड पाठोपाठ टेकवून अनेकांना आत जाता येतं, त्यामुळे एकानेच पैसे भरायचे आणि रात्री टीटीएमएम. बोट साधारण वीस मिनिटांत पलीकडे पोहोचते. तेवढ्यात काचेच्या छोट्या पेल्यात चहा, हातात सिमित म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा गोल पाव आणि त्यावर डोळा ठेवून बोटीबरोबर उडणारे सीगल. मागे वळून पाहिलं की तोपकापी, आया सोफिया, निळी मशीद एका ओळीत दिसतात. एमिनोन्यूला बॉस्फरसच्या, म्हणजे युरोप-आशियामधल्या सामुद्रधुनीच्या, खासगी सफरी विकणारे मागे लागतील. ही साधी बोट असताना त्यांची गरज नाही.

कादिकोयच्या बाजारात मासळी, ऑलिव्ह, चीज आणि लोणच्यांची दुकानं गल्लोगल्ली आहेत. पुढे चालत गेलं की मोडा नावाच्या भागाचा किनारा. तिथे हिरवळीवर पडून राहायचं, गप्पा मारायच्या. कुणाला पुस्तकांची दुकानं धुंडाळायची असतील तर खुशाल जावं, कुणाचं काही अडत नाही.

याची उणी बाजूही आहे. "काय पाहिलंत?" या प्रश्नाला कादिकोयहून आल्यावर ठोस उत्तर नसतं. पाऊस असेल तर किनाऱ्याची मजाच जाते. त्या दिवशी सरळ तोपकापी आणि टाकं करावं. आणि पुन्हा इस्तंबूलला येण्याची शक्यता नसेल, शिवाय बरोबर एक-दोघंच आणि तीही इतिहासवेडी असतील, तर जुनं शहर सोडणं हा करंटेपणाच.

बाकी सगळ्यांना मी पलीकडचा किनाराच सुचवेन, पण सकाळी एक वळसा घालून. आधी सुलेमानिये मशिदीत जा. वास्तुकार सिनानने बांधलेली ही मशीद १५५७ मध्ये पूर्ण झाली. प्रवेश मोफत, गर्दी आया सोफियापेक्षा कितीतरी कमी आणि अंगणातून गोल्डन हॉर्नची खाडी खाली पसरलेली दिसते. बायकांनी डोक्यावर घ्यायला ओढणी ठेवावी, गुडघे सगळ्यांचेच झाकलेले हवेत. बूट काढावे लागतात, तेव्हा फाटके मोजे त्या दिवशी नकोत. तिथून उतारावरच्या बाजारगल्ल्यांतून खाली आलं की एमिनोन्यूचा धक्का. दुपारच्या जेवणाला कादिकोय.

प्रिन्सेस बेटांचा मोह होईल, पण एमिनोन्यूहून मोठ्या बेटाला बोटीने जायलाच तास-सव्वा तास लागतो. एका दिवसाच्या हिशेबात ते बसत नाही.

परतीची बोट सूर्यास्ताच्या सुमाराची धरा आणि पुढच्या बाजूला जागा पकडा, कारण सूर्य जुन्या शहरामागेच मावळतो. शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर उतरल्याबरोबर बघून ठेवा. ती चुकलीच तर आशियाच्याच बाजूचं उस्कुदार गाठा. तिथून २०१३ साली सुरू झालेली मार्मराय रेल्वे समुद्राखालच्या बोगद्यातून काही मिनिटांत एमिनोन्यूजवळच्या सिर्केजीला आणून सोडते.