'अंडी देणारी जोडी' म्हणून मला दोन माद्या विकल्या

'मरून' (maroon) क्लाउनफिश, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात तो तांबडा मासा. त्याची तयार जोडी घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझा एक मासा गेला. आजाराने नाही, पाण्यानेही नाही. विक्रेत्याने समजून-उमजून खोटं सांगितलं म्हणून गेला.

माझ्या टँकमध्ये समुद्रफूल (सी अॅनिमोनी, क्लाउनफिश ज्याच्या आसऱ्याला राहतात तो जीव) चांगलं रुजलं होतं, पाण्याचा खारटपणा (विशिष्ट गुरुत्व) कित्येक महिने १.०२५ वर टिकून होता. मरून ही क्लाउनफिशमधली सगळ्यात तापट जात. दोन सुटे मासे आणून त्यांचं जमतंय का याची वाट बघण्यापेक्षा जमलेली जोडी घ्यावी, भले जास्त पैसे जावोत, असं मी ठरवलं. विक्रेता म्हणाला, "खात्रीची जोडी आहे, दोनदा अंडी दिलीत." मोबाइलवर व्हिडिओही दाखवला. दगडाला चिकटलेली नारिंगी अंडी आणि त्यांच्यावर पंखांनी पाणी खेळवणारा मासा. तो मासा यांच्यातलाच कशावरून, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दोघं एका छोट्या, मोकळ्या टाकीत होते आणि अगदी शांत. आता कळतं, की राखायला दगड नाही, समुद्रफूल नाही, म्हटल्यावर तापट मासाही काही वेळ गप्प राहू शकतो. आणखी एक गोष्ट दिसली होती. पुढच्या काचेवर मधोमध, वरपासून खालपर्यंत, बोटभर रुंदीचा लख्ख पट्टा होता. दोन्ही बाजूंना शेवाळाचा हिरवट थर आणि मध्येच स्वच्छ काच. मला वाटलं, पुसणं अर्धवट राहिलं असेल. नंतर घरी जे झालं ते पाहून माझी खात्री झाली, की तिथे दोघांना वेगळं ठेवणारं पार्टिशन होतं आणि मी पोहोचायच्या आत ते काढलं होतं.

दोघांची लांबी जवळपास सारखी होती. मी तसं म्हटलं तर उत्तर आलं, "नर चांगला पोसलाय." तिथेच मागे फिरायला हवं होतं. क्लाउनफिशमध्ये कुणी मादी म्हणून जन्मत नाही. सगळ्यांत वरचढ मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर राहतो, आणि एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. हान्स आणि सिमोन फ्रिके या संशोधकांनी क्लाउनफिशमधला हा लिंगबदल १९७७ मध्येच मांडला होता; रोज हे मासे विकणाऱ्याला तो माहीत नसेल, हे मला पटत नाही. मरूनमध्ये तर फरक डोळ्यांत भरतो. मादी १५ सेंटिमीटरपर्यंत जाते, नर बऱ्याचदा तिच्या निम्माच. वयात आलेली मादी काळपट तांबडी होते, नर लालभडक राहतो. माझे दोन्ही मासे काळपट होते, म्हणजे दोन्ही माद्याच.

पहिल्या रात्री दिवे बंद ठेवले होते. सकाळी पाहिलं तर एकीने समुद्रफूल बळकावलेलं आणि दुसरी पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, कल्ले जोरजोरात हलवत, शेपटी बुडापर्यंत फाटलेली. मला बघून ती खाली आली, तर क्षणात दोघींचे जबडे एकमेकींत अडकले. मी तिला मगमध्ये घेऊन बाहेर काढलं. (मरूनला जाळीने पकडू नका, गालावरचा काटा जाळीत अडकतो.) वेगळ्या टाकीत ठेवलं, पण तिसऱ्या दिवशी ती गेली.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर, "तुमचं पाणी बिघडलंय." मी टेस्टचे फोटो पाठवले, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. मग म्हणे प्रवासात जोडी तुटली. जागा बदलल्यावर खरी जोडीही कधीकधी बिघडते, हे मला मान्य आहे. पण तेव्हा मोठी मादी लहान नराला झोडपते. इथे मारणारी आणि मार खाणारी सारख्याच आकाराच्या होत्या. हे लिहून पाठवल्यावर उत्तर यायचं बंद झालं.

म्हणून सांगते, जोडी बघायला गेलात तर निदान पंधरा मिनिटं टाकीसमोरून हलू नका. खरा नर मादी जवळ आली की अंग तिरकं करून थरथरतो, ती त्याची शरणागती असते. ती दिसली नाही तर कुणाच्याही शब्दावर जाऊ नका. अंड्यांचा व्हिडिओ दाखवला तर त्याच टाकीचा, दोन्ही मासे एका वेळी दिसतील असा मागा. आणि दोघं सारखे दिसले तर तिथूनच परत या. मोठ्या मादीजवळ छोटं पिल्लू जाळीच्या पेटीत ठेवून हळूहळू ओळख करून देणं वेळखाऊ आहे, पण मी आता तेच करते आहे.

काल त्याच विक्रेत्याने 'अंडी देणारी जोडी' म्हणून नवा फोटो टाकलाय. मोकळी टाकी, दोन सारखे मासे, आणि काचेवर मधोमध तोच लख्ख पट्टा.